ग्रुबर मास्तर, उंदीर आणि एका संध्याकाळचं गाणं

प्रश्न असा आला होता: ‘मी शाळेत शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते. नाताळच्या कार्यक्रमात मुलांना ‘सायलेंट नाइट’ची गोष्ट सांगायची आहे. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला आणि म्हणून एका खेड्यातल्या शाळामास्तराने ऐन वेळी गिटारवर गाणं बसवलं, हे खरं का? आणि शाळा सांभाळून हा माणूस चर्चचं संगीत करायचा तरी कसा? माझा दोन्हींत जीव मेटाकुटीला येतो.’

बाई, उंदरांचं आधी उरकतो. ते उंदीर मागाहून शिरलेले आहेत.

गाण्याची चाल बांधणारा फ्रान्त्स झावेर ग्रुबर याने ३० डिसेंबर १८५४ रोजी स्वतःच्या हाताने एक टिपण लिहिलं. बर्लिनच्या राजदरबारातल्या वादकमंडळींनी साल्झबुर्गला विचारणा केली होती, की या गीताची मिखाएल हायडनच्या हातची प्रत तुमच्याकडे आहे का? चाल त्या बड्या संगीतकाराची, असाच तेव्हा समज होता. ती चौकशी फिरत फिरत म्हाताऱ्या ग्रुबरपर्यंत आली. त्याने दिलेलं उत्तर जेमतेम पानभर आहे आणि त्यात स्वतःचा उल्लेख तो तृतीयपुरुषी करतो, शाळेच्या दप्तरात नोंद करावी तसा. २४ डिसेंबर १८१८ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावचे साहाय्यक धर्मगुरू योजेफ मोर यांनी ऑर्गनिस्टचं काम पाहणाऱ्या फ्रान्त्स ग्रुबरच्या हाती एक कविता दिली. दोन एकल आवाज, गायकवृंद आणि गिटारची साथ, एवढ्यासाठी चाल करून मागितली. ग्रुबरने आपली ‘साधी रचना’ त्याच संध्याकाळी आणून दिली, ती त्याच पवित्र रात्री गायली गेली आणि सगळ्यांना आवडली. बस. त्यात उंदीर नाहीत, फाटका भाताही नाही. कंसात मात्र तो आवर्जून सांगतो, की हा ग्रुबर त्या वेळी आर्न्सडॉर्फला शाळामास्तरही होता.

ऑर्गन धडका नसेल, हे शक्य आहे. त्सिलरताल खोऱ्यातला ऑर्गन बांधणारा कारागीर कार्ल माउराखर याने पुढे ओबर्नडॉर्फच्या ऑर्गनवर काम केलं आणि त्याच्याबरोबरच हे गाणं त्याच्या टिरोल प्रांतात पोचलं, असं मानतात. पण ऑर्गन बंद होता म्हणून गिटार आली, असं ग्रुबर कुठेच म्हणत नाही. मोर स्वतः गिटार वाजवायचा. त्याला आपल्या वाद्यावर गाता येईल असं काहीतरी हवं होतं, एवढं कारण मला पुरतं. मुलांना उंदीर सांगायचेच असतील तर ‘लोक अशी गोष्ट सांगतात’ म्हणून सांगा. मुलांना उंदीर आवडतात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मीही त्याच घाण्याचा बैल. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं वसईकडच्या एका चर्चमध्ये आधी हार्मोनियम आणि मग कीबोर्ड वाजवला. उंदरांच्या गोष्टीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. तिच्यामुळे वाटतं, की एका साध्याभोळ्या मास्तरावर एका रात्री देवाची कृपा झाली आणि चमत्कार घडला. प्रत्यक्षात त्या संध्याकाळी जे झालं ते त्याच्या नेहमीच्या नोकरीत बसणारं काम होतं. तसलीच कामं तो अकरा वर्षं करत आला होता.

ही नोकरी काय होती ते पाहा. ग्रुबरचा जन्म २५ नोव्हेंबर १७८७चा, वरच्या ऑस्ट्रियातल्या होखबुर्ग गावाजवळच्या वाडीतला. घरी तागाचं कापड विणायचा धंदा. पोराने मागावर बसावं ही बापाची इच्छा. गावातला शाळामास्तर आंद्रेआस पेटरलेखनर याने मुलाचा कान ओळखला आणि बापाच्या नकळत त्याला संगीत शिकवलं. असं सांगतात, की मास्तर आजारी पडले त्या दिवशी बारा वर्षांच्या पोराने चर्चमध्ये ऑर्गन वाजवून वेळ निभावली, तेव्हा कुठे बाप विरघळला. पुढे बुर्गहाउझेनचा ऑर्गनिस्ट हार्टडोब्लर याच्याकडे काही महिने शिक्षण, मग मास्तरकीची परीक्षा, आणि १८०७मध्ये आर्न्सडॉर्फची शाळा.

शाळा मिळाली म्हणजे नुसती शाळा मिळाली नाही. त्या काळच्या ऑस्ट्रियन खेड्यात शाळामास्तर, ऑर्गनवादक आणि ‘मेसनर’ ही बहुधा एकच असामी असे. मेसनर म्हणजे चर्चची देखभाल करणारा, गोव्यात ज्याला सांक्रिस्तांव म्हणतात तो. घंटा त्याने वाजवायच्या, मेणबत्त्या लावायच्या, धर्मगुरूंची वस्त्रं काढून ठेवायची, अंत्यविधीला हजर राहायचं, मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, वाजवायचं आणि मधल्या वेळात गावच्या पोरांना अक्षरं नि आकडे शिकवायचे. पोटाची व्यवस्थाही अशीच जोडाजोडीची. थोडी शाळेची फी, थोडी लग्न-मयताची दक्षिणा, थोडं धान्य, आणि राहायला शाळेचीच जागा. यांपैकी एक काम सोडलं तर दुसऱ्यावर पोट भरत नसे. ही दोन कामं त्याने एकत्र ‘सांभाळली’ असं आपण म्हणतो खरं, पण त्याला ती दोन वाटलीच नसावीत.

आर्न्सडॉर्फला आल्यावर त्याच वर्षी त्याने लग्न केलं ते आधीच्या मास्तरच्या विधवेशी. ती वयाने त्याच्याहून बरीच मोठी. आज ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण नव्या मास्तराने जुन्याच्या विधवेशी लग्न केलं की तिच्या डोक्यावरचं छप्पर राहतं आणि गावावर तिच्या पोटापाण्याचा भार पडत नाही, असा तो हिशेब. नोकरीबरोबर घर आलं आणि घराबरोबर बायको. ती १८२५मध्ये वारली. मग एका जुन्या विद्यार्थिनीशी लग्न झालं, तीही १८४१मध्ये बाळंतपणात गेली. त्यानंतर तिसरं लग्न. मुलं बारा झाली, मोठी झाली ती चार. इतक्या तिरड्या घरातून गेल्या, आणि गावात कुणी गेलं की घंटा वाजवून ऑर्गनवर बसणाराही हाच.

१८१६पासून आर्न्सडॉर्फची शाळा ठेवून तो ओबर्नडॉर्फच्या सेंट निकोलस चर्चमध्येही वाजवू लागला. पायी अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. ओबर्नडॉर्फ हे साल्झाख नदीवरून मिठाच्या नावा नेणाऱ्या नावाड्यांचं गाव. नेपोलियनची युद्धं संपली आणि सरहद्दी नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा नदीच सीमा झाली. पलीकडचं लाउफेन बाव्हेरियात, अलीकडचं ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात. शतकानुशतकं एक असलेल्या गावाचे दोन तुकडे झाले आणि अलीकडच्या तुकड्याला वेगळा धर्मग्राम, म्हणजे एका चर्चखालचा स्वतंत्र समाज, करावा लागला. ग्रुबर वाजवत होता तो हा नवाकोरा, गरीब धर्मग्राम. त्यात १८१६ हे साल युरोपात ‘उन्हाळा न आलेलं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या राखेने आकाश झाकोळलं होतं आणि पिकं बुडाली होती. मोरने ती कविता लिहिली तीही १८१६मध्येच, मारियाफार नावाच्या डोंगरी गावात. म्हणजे कविता दोन वर्षांची जुनी होती. नवी होती ती फक्त चाल.

आता चालीकडे या, कारण मास्तर दिसतो तो तिथे. हार्मोनियमवर घेऊन पाहा: प-धप-ग, प-धप-ग, मग रें-रें-नी, सां-सां-प. सगळे शुद्ध स्वर. आपल्याकडे कुणीही बिलावल म्हणेल. ठेका सहाचा, पाळणा हलावा तसा. साथीला तीन कॉर्ड पुरतात: सा, म आणि प. गिटार हातात घेऊन महिना झालेला पोरगाही वाजवेल. दुसरा आवाज पहिल्याच्या खालून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर समांतर चालतो, म्हणजे दुसऱ्या गायकाला कागद नसला तरी कानाने धरता येतो. कडव्याच्या शेवटच्या ओळी गायकवृंदाने परत म्हणायच्या, त्यामुळे ज्यांना तालमीला यायला सवड मिळाली नाही तेही आत घेता येतात.

हे सगळे निर्णय ज्याने चाळीस मुलांच्या वर्गात गाणं बसवलं आहे त्याचे आहेत. कुणाचा आवाज कुठपर्यंत जातो, किती वेळात पाठ होतं, कुठे पोरं घसरतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. दुपारी कविता हातात येते आणि रात्री गायची असते, तेव्हा सुचण्यावर विसंबून चालत नाही. हाताला जे वळण आहे तेच कामाला येतं. मोरने वरचा आवाज आणि गिटार घेतली, ग्रुबरने खालचा आवाज. मिस्सा संपल्यावर गव्हाणीपुढे उभं राहून हे दोघे गायले, असं मानतात.

एकाच ठिकाणी मास्तर चुकला असं मला वाटतं, आणि हे मी अर्ध्या थट्टेने म्हणतोय. शेवटाकडे चाल तार सप्तकातल्या मध्यमाला हात लावते. खालचा सा ते वरचा मं, अकरा स्वरांचा पल्ला. साध्या गाण्याला हा फार झाला. दर नाताळला त्या जागी अर्धा धर्मग्राम गप्प होतो आणि उरलेला किंचाळतो. मोरचा आवाज वर छान जात असणार. त्या रात्री समोर जो गायक होता त्याच्या गळ्याच्या मापाने मास्तराने कापड बेतलं, आपण दोनशे वर्षं तोच अंगरखा घालतोय.

ही तिहेरी नोकरी काही ग्रुबरची एकट्याची नाही. आन्टोन ब्रुकनर, ज्याच्या सिंफनी आज जगभर वाजतात, तो शाळामास्तराचा पोरगा आणि शाळामास्तराचाच नातू. १८४१मध्ये विंडहाग गावी तो सहाय्यक शिक्षक म्हणून लागला तेव्हा शिकवणं, ऑर्गन आणि घंटा यांच्या जोडीला त्याला शेतावर खतही पसरावं लागे. शूबर्टने बापाच्या शाळेत पोरं सांभाळली. आणि थोरला बाख १७२३ला लाइपझिगला गेला तो थॉमस शाळेचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, म्हणून. त्या पदावरच्या माणसाने पोरांना लॅटिन शिकवणं अपेक्षित होतं. बाखने काय केलं? दुसऱ्या शिक्षकाला पदरचे पैसे देऊन ते तास त्याच्या गळ्यात मारले. बाई, परवडत असेल तर हा मार्ग तुम्हालाही मोकळा आहे.

१८६९मध्ये ऑस्ट्रियात नवा शाळा-कायदा आला, शाळा चर्चच्या देखरेखीखालून निघाल्या आणि मास्तराच्या गळ्यातला घंटेचा दोर हळूहळू सुटला. मास्तरांना बरंच वाटलं असणार. नुकसान झालं ते गावच्या गाण्याचं, असं माझं मत. शाळेत ज्यांना रोज हातात धरून शिकवलं तीच पोरं रविवारी वर गॅलरीत गात उभी, हा धागा तुटला.

आपल्याकडे हा धागा गोव्यात दिसतो. तिथल्या चर्चच्या शाळांमधून ‘मेस्त्रे’ असायचा. मुलांकडून सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, घोकवून घ्यायचा, व्हायोलिन हातात द्यायचा, चर्चचा गायकवृंद बसवायचा आणि उपवासकाळात ‘मोतेत’ नावाची भक्तिगीतं गाववून घ्यायचा. पगार तुटपुंजा, दरारा मोठा. माजोर्डा गावच्या चर्चमधल्या अशाच एका गायकवृंद-प्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस. तो मुंबईला आला, चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवू लागला आणि शिकवूही लागला. प्यारेलाल त्याचे शिष्य. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या धमाल गाण्यात जे नाव येतं ते या गुरूचं. चर्चच्या गॅलरीतला एक मास्तर त्या नावाच्या मागे उभा आहे, हे पडद्यावर बघताना कुणाच्या ध्यानात येतं?

पण ग्रुबरकडे परत जातो, कारण गाणं रचल्यानंतरची त्याची वर्षं कुणी सांगत नाही. तुम्ही मुलांना ती जरूर सांगा. दुसऱ्या दिवशी काहीही झालं नाही. पुढच्या वर्षीच मोरची बदली झाली. ग्रुबर आर्न्सडॉर्फला एकूण बावीस वर्षं राहिला, १८२९ला बेर्नडॉर्फच्या शाळेत गेला आणि १८३५ला हालाइनला. तिथे तो चर्चचा संगीतप्रमुख झाला. म्हणजे वर्गातून सुटून नुसतं संगीत करायला मिळालं तेव्हा वय सत्तेचाळीसच्या पुढे. तोवर गाणं त्याला न विचारता फिरत होतं. टिरोलातल्या रायनर आणि श्ट्रासर या गाणाऱ्या कुटुंबांनी ते मैफलींतून आणि जत्रांतून नेलं. श्ट्रासर हातमोजे विकायला लाइपझिगच्या जत्रेत जात आणि तिथे गात. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘टिरोलचं लोकगीत’ म्हणून छापलं गेलं आणि १८३९मध्ये रायनर मंडळींनी न्यूयॉर्कला गायलं. कागदावर ना मोरचं नाव, ना ग्रुबरचं.

१८५४च्या त्या टिपणात हालाइनचा म्हातारा मास्तर यावर चिडलेला दिसत नाही. छापील गाणं मूळ चालीपेक्षा ‘थोडं बदललेलं’ आहे, एवढीच नोंद तो करतो आणि मूळ चालीची नक्कल सोबत जोडतो. वहीत लाल शाईने दुरुस्ती करावी तसं. मोर १८४८ला वाग्राइन गावी वारला हेही तो लिहितो आणि त्याच्याबद्दल आदराने बोलतो. स्वतःबद्दल विशेषण एकच, आणि तेही रचनेला लावलेलं: साधी. तिथेच हालाइनमध्ये ७ जून १८६३ रोजी तो गेला. त्याने मिस्सासाठी संगीत रचलं, चर्चसाठी आणखी पुष्कळ लिहिलं, हे गाणंही पुढे वाद्यवृंदासाठी पुन्हा मांडलं. जग या एकाच गाण्याशी थांबलं.

१९९५मध्ये आणखी एक कागद सापडला. मोरच्या हातची प्रत, कवितेला १८१६ साल आणि कोपऱ्यात चालीसाठी ग्रुबरचं नाव. हायडनचा संशय तेव्हा कायमचा मिटला. मोरची गिटार आज हालाइनच्या संग्रहालयात आहे, ग्रुबरची कबर त्या घराच्या दारासमोर. आर्न्सडॉर्फच्या शाळेत त्याच्या राहत्या जागेत लहानसं संग्रहालय आहे आणि त्याच इमारतीत अजूनही पोरं शिकायला येतात. ओबर्नडॉर्फचं मूळ चर्च मात्र उरलं नाही. साल्झाखच्या पुरांनी ते खिळखिळं केलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडलं, आणि आता त्या जागी छोटं स्मारक-चॅपेल आहे.

आता तुमच्या मेटाकुटीबद्दल. माझा एक नाताळ सांगतो. मध्यरात्रीची मिस्सा, आवार माणसांनी भरलेलं, आणि प्रवेशगीताच्या दुसऱ्या ओळीला वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. जनरेटर होता, पण त्याचा पत्ता असलेला माणूस बाहेर फटाके वाजवत होता. मी तीन आठवडे कीबोर्डवर चार-चार आवाजांची सजावट बसवली होती, ती सगळी गेली. गॅलरीत माझ्या सातवी-आठवीच्या वर्गातली अकरा पोरं होती. त्यांना वर्गात परिपाठाला जे दोन आवाजांत म्हणायला लावायचो तेच हात करून सुरू केलं, कारण तेवढंच न पाहता येत होतं. मिस्सा पार पडली. दुसऱ्या दिवशी फादर म्हणाले, यंदा गाणी काय सुंदर बसवली होती! मी गप्प बसलो. तीन आठवड्यांच्या तालमीबद्दल त्यांना काय सांगणार?

तेव्हापासून शाळेसाठी वेगळं आणि चर्चसाठी वेगळं बसवणं मी सोडलं. परिपाठाची दहा मिनिटं हीच तालीम. महिन्याला एक गाणं, दोन आवाज, तीन कॉर्ड. तुम्हीही जी मुलं दोन्हीकडे आहेत ती आधी मोजा. सहा निघाली तरी पुष्कळ. मोठ्यांची तालीम रात्री नऊला ठेवून त्यांची वाट बघत बसण्यात तुमचा जीव जातो, वाजवण्यात नाही.

आणि या नाताळला हे गाणं पोरांकडून करून घ्याल तर कीबोर्ड बंद ठेवा, गिटार घ्या. ग्रुबरने ते पांढरी दोनमध्ये लिहिलं होतं. लहान पोरांना जमेल, पण आठवीच्या मुलांचे आवाज फुटायला लागलेले असतात, ते त्या वरच्या मध्यमावर तुम्हाला उघडं पाडतील. काळी पाचला उतरवा. गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर कापो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून जी-चाच हात ठेवता येईल. सुरुवातीचा प मात्र हळू आणि एकसारखा घ्यायला लावा. पोरं ‘ध’वर जोर देतात, तिथेच पाळणा अडकतो.